३०८ साठी पावडर आणि प्रायमर ठरवणे: नोंदी, फिनिक्स, ॲरिझोना

१४ सप्टेंबर २०२४

रायफलला नवीन बॅरल बसून आलं, ३० इंची, ३०८ विंचेस्टरच, कारण मी एफ-टीआर खेळतो, म्हणजे एफ-क्लास या लांबच्या नेमबाजीतला एक प्रकार, आणि त्यात दोनच काडतुसं चालतात, २२३ नाहीतर ३०८, आणि रायफल बायपॉडसकट (दोन पायांचा टेकू) सव्वाआठ किलोच्या आत. जुना लोड, म्हणजे घरी भरलेल्या काडतुसाची बुलेट-पावडर-प्रायमरची जुळणी, जुन्या बॅरलसोबत गेला असं धरूनच चाललोय, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहून ठेवतो. बुलेट ठरलेली आहे, बर्जर कंपनीची १८५ ग्रेन (वजनाचं छोटं माप), इथे मेसामध्येच बनते, तिच्यावर प्रयोग नाहीत. ठरवायचंय ते पावडर आणि तिला पेटवणारा प्रायमर.

आधी एक सांगून टाकतो. चार्जचे, म्हणजे एका काडतुसात किती पावडर त्याचे, आकडे या नोंदींमध्ये मुद्दाम नाहीत. माझ्या चेंबरला, माझ्या ब्रासला (काडतुसाचं पितळी कवच, त्यालाच केसपण म्हणतात), माझ्या पावडरच्या लॉटला जे चाललं ते दुसऱ्याच्या रायफलमध्ये प्रेशर ओलांडू शकतं. पावडर कंपनीचं आणि बुलेट कंपनीचं छापील मॅन्युअल घ्यायचं, त्यातल्या स्टार्ट लोडपासून (सुरुवातीचा कमी चार्ज) चढायचं, मॅक्सला थांबायचं, बस. आणि हो, इथे ॲरिझोनात स्वतःपुरतं हँडलोडिंग (घरी काडतुसं भरणं) करायला वेगळं लायसन्स लागत नाही, विकायला लागलात की फेडरल लायसन्स लागतं. भारतात गोष्ट पूर्ण वेगळी, शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ नुसार लायसन्सशिवाय दारूगोळा बनवणं हा सरळ गुन्हा आहे. कोल्हापूरच्या मामेभावाने फोनवर विचारलंच, "दादा, घरात बसून काडतुसं बनवतोस व्हय? आणि पोलीस काय म्हणत न्हाईत?" म्हणून लिहिलं.

पावडर निवडताना पहिली चाळणी जळण्याच्या वेगाची. छोट्या पिस्तुलाला झटकन जळणारी लागते, मोठ्या मॅग्नमला हळूहळू ढकलणारी, ३०८ या दोघांच्या मध्ये बसतं. पण वेगाच्या यादीत दोन पावडरी शेजारीशेजारी दिसल्या म्हणून एकीचा चार्ज दुसरीला लावायचा नाही, ती यादी फक्त क्रम सांगते, किती अंतर आहे ते सांगत नाही. एच ४८९५ आणि आयएमआर ४८९५, नंबर एकच, दोन्हीचे डबे हॉजडन कंपनीचेच, तरी पावडरी दोन आणि डेटाही दोन. नवीन माणूस नेमका इथेच फसतो.

दुसरी चाळणी केस किती भरते त्याची. केस जवळजवळ काठोकाठ भरणारी पावडर मला आवडते. आत रिकामी जागा राहिली की पावडर कधी प्रायमरकडे सरकते कधी बुलेटकडे, आणि वेग हलतो. शिवाय भरलेल्या केसमध्ये चुकून डबल चार्ज पडायला गेला तर पावडर टेबलावर सांडते, म्हणजे चूक डोळ्यांना दिसते. हा फायदा लोक फार कमी सांगतात.

दोन चाळण्यांतून उरलेल्या: वार्गेट, आयएमआर ४०६४, व्हिटाव्हुओरी एन१४०.

२२ सप्टेंबर

खरी तिसरी चाळणी दुकानात लागते. एन१४० फिनलंडची, माल सुरेख, पण किंमत बघून डबा परत ठेवला. आठ पाउंडाचा हिशोब केला आणि सरळ यादीतून काढली, उगाच टेस्ट करून प्रेमात पडायला नको. वार्गेट ऑस्ट्रेलियातून येते, न्यू साउथ वेल्समधल्या मुलवालाच्या कारखान्यातून, आणि हॉजडन आपल्या डब्यात विकतं. गेल्या काही वर्षांत ती दिसली की लोक उचलतात. आज एक-एक पाउंडाचे डबे होते, तिथेच उभं राहून झाकणांवरचे लॉट नंबर वाचले आणि एकाच लॉटचे काढून घेतले. काउंटरवरचा पोरगा बघत राहिला. बघू दे. लॉट बदलला की वेग थोडा बदलतो, टेस्ट अर्ध्यात असताना लॉट बदलला तर टेस्टला अर्थच राहत नाही. ४०६४ आरामात मिळाली.

ऑनलाइन मागवली की पावडर आणि प्रायमरवर हझमॅटची (धोकादायक मालाची) फी पडते, एका डब्यासाठी मागवलं तर फीच डब्याच्या किमतीच्या आसपास जाते, त्यामुळे मागवायचं तर दोघातिघांनी मिळून. घरात ठेवण्याचे नियमपण आहेत, अग्निसुरक्षेच्या प्रमाणित नियमावलीप्रमाणे मूळ डब्यात २० पाउंडांपर्यंत पावडर, त्याच्यावर ५० पर्यंत असेल तर इंचभर जाड लाकडाच्या पेटीत, आणि प्रायमर १०,००० पर्यंत. गावाप्रमाणे कडक नियम असू शकतात, ते बघावे.

५ ऑक्टोबर

गरम! फिनिक्समध्ये २८ सप्टेंबरला ११७ फॅरनहाइट झालं, म्हणजे ४७ सेल्सियस, सप्टेंबर संपत आलेला असताना, आणि अजून रोज त्या-त्या तारखेचा रेकॉर्ड तुटतोय. गॅरेजमध्ये वजनकाटा वापरताना फॅन बंद ठेवावा लागतो कारण वाऱ्याने आकडा नाचतो, मग घाम थेट काट्यावर. शेवटी सगळं घरात आणलं, प्रायमर आणि पावडर आधीपासून घरातच असतात.

टेबलावर एका वेळी एकच पावडरचा डबा. दुसरा डबा कपाटात, झाकण बंद. मोजायच्या मशीनमध्ये उरलेली पावडर काम संपलं की त्याच डब्यात परत, रात्रभर मशीनमध्ये ठेवायची नाही, कारण सकाळी "ही कुठली होती बरं" असा प्रश्न पडला की त्याचं उत्तर एकच असतं, फेकून देणे. यात मी कुणाशी वाद घालत नाही.

दोन्ही पावडरी काडीच्या आकाराच्या, पण तळहातावर घेऊन बघितलं की फरक कळतो. ४०६४ ची काडी लांबुळकी, मेजरमधून (मोजायचं मशीन) पाडताना मधेच कापली जाते, हँडलला "कर्र" असं लागतं आणि त्या चार्जचं वजन हमखास हललेलं असतं. वार्गेटची काडी आखूड, बारीक, बरी पडते. एका काडीचं वजन ०.०२ ग्रेनच्या आसपास, त्यामुळे शेवटचा दशांश चिमट्याने एकेक काडी टाकून गाठता येतो, ज्याला हौस असेल त्याने. प्रत्येक काडीच्या मधोमध आरपार भोक असतं, भिंगाखाली मस्त दिसतं. ते शोभेला नसतं. काडी बाहेरून जळत जाते तसा बाहेरचा पृष्ठभाग कमी होतो, आणि भोक आतून जळत मोठं होतं तसा आतला वाढतो, दोन्ही मिळून जळणारं क्षेत्र बरंचसं सारखं राहतं आणि गॅस एकदम न सुटता बेताने सुटतो. बॉल पावडरीत हेच काम मण्यावरच्या लेपाकडून करून घेतात. ती मेजरमधून पाण्यासारखी पडते, पण बऱ्याच बॉल पावडरी उन्हाला जास्त नखरे करतात, आणि आमच्याकडे ऊन हीच मुख्य गोष्ट, म्हणून पहिल्यापासून विचारातच घेतल्या नाहीत.

काट्यावर आधी चेक-वेट (ठाऊक वजनाचं माप), मग काम, मधेमधे परत चेक-वेट.

१२ ऑक्टोबर

बेन एव्हरी रेंज, सकाळी उघडल्या-उघडल्या. दोन्ही पावडरींच्या पायऱ्या स्टार्ट लोडपासून वर, प्रायमर दोन्हीला एकच, फेडरल २१०एम, ब्रास लापुआचं मोठ्या प्रायमरवालं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मोडला की नंतर वहीत कशामुळे काय झालं ते देवालापण सांगता येत नाही.

बोल्ट उचलताना जड लागतोय का, केसच्या बुडावर इजेक्टरचा चकचकीत ठसा येतोय का, प्रायमर चपटा होऊन कडा भरल्यात का, हे प्रत्येक शॉटनंतर बघितलं. पण ही लक्षणं उशिरा येतात. ३०८ ची सामीची (काडतुसांची मापं ठरवणारी अमेरिकन संस्था) प्रेशरची मर्यादा ६२,००० पीएसआय, आणि काही रायफली ती ओलांडली तरी तोंड उघडत नाहीत. म्हणून क्रोनो, म्हणजे बुलेटचा वेग मोजणारं यंत्र, जास्त कामाचा. मॅन्युअलच्या मॅक्सला जेवढा वेग दिलाय तेवढा मला आधीच मिळाला तर समजायचं प्रेशरपण आधीच आलंय (बॅरल किती लांब ते धरून अर्थात, माझं ३० इंची आहे म्हणजे थोडा वेग फुकटचा). फुकटात जास्त वेग मिळत नसतो.

दोन्ही पावडरी मध्यावर छान. १०० यार्डावर कागदाकडे बघून काही निवडता येणार नाही, दोन्हीची भोकं एकमेकांत.

मग उन्हाची टेस्ट. मॅक्सपासून मुद्दाम लांबचा चार्ज घेतला, अर्धी काडतुसं बर्फाच्या कूलरमध्ये ठेवलेली, अर्धी सावलीत पण हवेइतकी गरम. उन्हात डॅशबोर्डवर ठेवून बघायचा आगाऊपणा केला नाही, कोणी करू नये. वार्गेटचा सरासरी वेग गार आणि गरममध्ये पंधराएक एफपीएसने (फूट प्रति सेकंद) हलला, ४०६४ चा पस्तीसच्या आसपास. नमुना छोटा आहे, पण वार्गेटची ख्याती नेमकी याच कारणाने आहे, त्यामुळे विश्वास ठेवायला जड जात नाही.

१०० यार्डाला पस्तीस एफपीएस म्हणजे काहीच नाही. ६०० ला माझ्या बुलेटचा हिशोब दर १० एफपीएसला साधारण इंचभर वर-खाली असा येतो, आणि ६०० यार्डाच्या एफ-क्लास टार्गेटचं दहाचं रिंग ६ इंचाचं, त्याच्या आतला एक्स ३ इंचाचा. म्हणजे सकाळच्या फेरीला लावलेली साइट दुपारी ४०६४ ने साडेतीन इंच खोटी ठरू शकते. दोन वाऱ्यांच्या मधे माणूस कशाकशाकडे बघणार. पावडर ठरली, वार्गेट.

२६ ऑक्टोबर

आता ज्याच्यासाठी ही वही खरं तर उघडली ते. प्रायमर.

रेंजवर कुणालाही विचारा, प्रत्येकाचा एक लाडका प्रायमर असतो आणि त्याच्याकडे पाच शॉटचा पुरावा असतो, एसडीचा, म्हणजे शॉटागणिक वेग किती पसरतो त्याचा आकडा. "बीआर-२ ने एसडी ६ आला, २१०एम ने १३, संपला विषय." शेजारच्या लेनवरच्या आजोबांनी मला अगदी हेच आकडे असलेलं कार्ड दाखवलं, प्रेमाने, लॅमिनेट करून ठेवलेलं.

संख्याशास्त्र असं म्हणतं की खरा एसडी १० असलेल्या लोडचे पाच शॉट मारले तर क्रोनो ३.५ पासून १६.७ पर्यंत काहीही दाखवू शकतो, आणि हे शंभरातल्या पंचाण्णव वेळा, उरलेल्या पाच वेळा त्याच्याही बाहेर. म्हणजे ६ आणि १३ हे दोन प्रायमर असायची गरजच नाही, एकाच डब्यातले दहा प्रायमर पाच-पाच करून मारले तरी हे आकडे येतील. पाच शॉटवर प्रायमर निवडणं म्हणजे दोन थेंब पडले म्हणून पेरणी करणं. बॅरल झिजतं, पैसे जातात, हे मान्य, म्हणून लोक पाचावर थांबतात, पण मग त्या आकड्यावरून निष्कर्षपण काढू नयेत ना राव.

मी प्रत्येकी वीस मारायचे ठरवलेत. वीसलासुद्धा १० चा एसडी साधारण सात ते तेरा असा हलतो, पण निदान धूर बसून आकार दिसायला लागतो.

(परवा मामेभावाचा परत फोन. त्याचा सगळा जीव स्वप्निल कुसाळेत, १ ऑगस्टला ऑलिंपिकमध्ये, शातोरूला, ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ घेतलं तेव्हा कांबळवाडीपासून रंकाळ्यापर्यंत फटाके होते म्हणे. विचारत होता, "स्वप्निल पण अशीच घरी भरतो का गोळी?" नाही रे बाबा, २२ रिमफायरचं केस परत भरायचं नसतं, त्याचं प्रायमिंग केसच्या कडेतच असतं आणि पिनने कड दबली की केस संपलं. तिथे शूटर वेगळा खेळ खेळतात, एकाच कंपनीच्या एकाच ब्रँडचे वेगवेगळे लॉट आपल्या बॅरलमधून मारून बघायचे आणि जो लॉट जुळला तो उचलायचा. मी पावडरचे लॉट नंबर वाचत उभा राहतो ते काय वेगळं आहे.)

९ नोव्हेंबर

हवा शेवटी माणसात आली. प्रायमर भरले.

प्रायमर म्हणजे एक छोटी वाटी, तिच्या तळाशी स्फोटक मसाल्याची गोळी, आणि वरून तीन पायांची ऐरण. पिन वाटीला ठोकते, मसाला ऐरणीवर चेपतो, पेटतो, ज्योत केसच्या बुडातल्या भोकातून, म्हणजे फ्लॅश होलमधून, पावडरमध्ये. ऐरणीचे पाय खिशाच्या (केसच्या बुडातली प्रायमरची जागा) तळाला टेकायलाच हवेत, नाहीतर पिनची अर्धी ताकद प्रायमर खाली बसवण्यात जाते. म्हणून केसच्या बुडापासून इंचाचे तीन ते पाच हजारांश आत बसवतो, हाताच्या प्रायमिंग टूलने, अंगठ्याला पाय टेकल्याचं कळतं, मशीनवर कळत नाही. खिसे आधी साफ. डोळ्यांवर चष्मा. टूलच्या ट्रेमध्ये थोडेच प्रायमर, बाकी कंपनीच्या मूळ पॅकिंगमध्ये. बरणीत ओतून ठेवणारे लोक पाहिलेत, त्यांच्या घरी मी चहाला पण जाणार नाही. एक पेटला की बाकीचे साथ देतात.

उमेदवार: मोठ्या प्रायमरचं ब्रास घेऊन फेडरल २१०एम आणि सीसीआय बीआर-२. छोट्या प्रायमरचं लापुआ पाल्मा ब्रास घेऊन सीसीआय ४५० आणि बीआर-४. पाल्माचं फ्लॅश होलपण बारीक असतं. ४५० ला मॅग्नम म्हणतात म्हणून लोक घाबरतात, मला त्याच्या जाड वाटीशी मतलब आहे, ०.०२५ इंच, ३०८ च्या प्रेशरला सीसीआय ४०० ची ०.०२० ची वाटी मी वापरणार नाही, पिनच्या जागी भोक पडायची शक्यता. छोट्या खिशाचा दुसरा फायदा म्हणजे बुडात पितळ जास्त राहतं आणि खिसा लवकर सैल होत नाही, ब्रास जास्त वेळा भरता येतं. लापुआच्या किमती बघता हा फायदा काय थोडाथोडका नाही.

प्रायमर बदलला की चार्ज खाली आणून परत चढायचं. फक्त प्रायमर तर बदलला असं म्हणून मॅक्सवर बसून राहायचं नाही. ब्रास बदललं तरी तेच, भिंत जाड असलेल्या केसमध्ये जागा कमी, प्रेशर जास्त.

१७ नोव्हेंबर

रेंजवर वीस-वीस झाले. २१०एम चा एसडी १०, बीआर-२ चा ९. पहिल्या पाचाला मात्र बीआर-२ चा ५ दाखवत होता, तिथेच थांबलो असतो तर मीपण कार्ड लॅमिनेट केलं असतं. पाल्मा आणि ४५०, एसडी ८, सरासरी वेग थोडा कमी. बीआर-४ पण ८ आणि ९ च्या मधे.

म्हणजे काय तर चौघंही एकाच पंगतीत. यातून "हा श्रेष्ठ" असं कोणाला काढता येणार नाही. ब्रास एका लॉटचं, नेक टेन्शन (केसचं तोंड बुलेटला धरतं तो जोर) सारखं, चार्ज काडीपर्यंत तोललेला, एवढं झाल्यावर चांगल्या कंपन्यांच्या मॅच प्रायमरमध्ये उरतो तो फरक माझ्यासारख्या माणसाला मोजता येत नाही. मोजायला जेवढे शॉट लागतील तेवढ्यात बॅरलच म्हातारं होईल.

३० नोव्हेंबर

एका ओळखीच्या घरी सामान विक्री होती, त्या घरातले आजोबा गेले, मुलाला गॅरेज रिकामं करायचंय. पावडरचे कितीतरी डबे, त्यात कॉफीच्या डब्यावर मार्करने "४८९५" लिहिलेला एक. एच की आयएमआर की युद्धानंतरची सरकारी सरप्लस, कोण सांगणार. बिचारा फुकट देत होता. घेतला नाही. दुसरा एक कंपनीचा डबा उघडला तर आंबट, नाकाला झोंबणारा वास आणि झाकणाला तांबूस धूळ, म्हणजे पावडर आतून कुजायला लागली. मुलाला सांगितलं हे कोणाला विकू नकोस, देऊ पण नकोस, अग्निशमन खात्याला फोन करून विचार कुठे द्यायचं ते. डाय (केस परत आकारात आणायचे साचे) आणि जुना तराजू घेतला, तो अजून ठणठणीत आहे.

२२ डिसेंबर

पहाटे निघून फ्लॅगस्टाफच्या वर. डबक्यावर बर्फ, बोटं लाकूड झालेली. छोट्या प्रायमरबद्दल एक जुनी तक्रार आहे की थंडीत एवढी पावडर पेटवायला ज्योत कमी पडते, वेग पसरतो, कधी ठिणगी उशिरा लागते. काडतुसं रात्रभर बाहेर ठेवलेली.

४५० ने काही तक्रार केली नाही, वेग नोव्हेंबरपेक्षा कमी पण शॉट एकमेकांना धरून. बीआर-४ चा पसारा जास्त वाटला, पण थंडीने मीच कुडकुडत होतो आणि शॉट मोजकेच, म्हणून यावर शिक्का मारत नाही. मोठ्या प्रायमरला फरक नाही. ट्रिगर दाबला आणि वाजलं नाही तर बोल्ट लगेच उघडायचा नाही, नळी टार्गेटकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबायचं, मी तर त्याच्या दुप्पट थांबतो. आज वेळ आली नाही.

१८ जानेवारी २०२५

क्लबच्या दिवशी ६०० यार्ड. दोनच लोड नेले, वार्गेट दोन्हीत, एक मोठ्या प्रायमरचा बीआर-२ वाला, दुसरा पाल्मा ४५०. वारा सुरुवातीला झोपलेला, उंची बघायला बरं. दोन्हीची वर-खाली पसरण दहाच्या रिंगात, त्यातली बरीचशी एक्सच्या उंचीत, आणि आडवी पसरण अर्थातच माझी, वाऱ्याची पट्टी बदलली ते मला दोन शॉटने उशिरा दिसलं की प्रायमर काय करणार.

निर्णय पाल्मा ब्रास, सीसीआय ४५०, वार्गेट. एसडीतल्या एका आकड्याच्या जोरावर नाही हा, ब्रास जास्त टिकतं म्हणून, थंडीत नीट पेटला म्हणून, आणि ४५० दुकानात सहसा असतो म्हणून. २०२० च्या आधी हजार प्रायमर तीसपस्तीस डॉलरला मिळायचे, आता त्याच्या दुपटीच्या वर गेलेत आणि मॅच प्रायमर तर आले की गायब. जो मिळतच नाही त्याच्यावर सीझन उभा करण्यात काय अर्थ आहे.

२५ जानेवारी

वार्गेटचा आठ पाउंडाचा डबा मिळाला, लॉट वेगळा. चार्ज खाली आणून परत पायऱ्या मारायच्या, वेग जुळेपर्यंत. फेब्रुवारीत इथेच बेन एव्हरीवर बर्जर साउथवेस्ट नॅशनल्स आहे, त्याच्या आधी हे उरकायला हवं. जुन्या लॉटची थोडी उरलीय, ती प्रॅक्टिसला, डबा वेगळा आणि नव्या डब्यात ओतायची नाही.